गावच्या वाचनालयातून हवं ते पुस्तक कसं मिळवायचं: सभासदत्वापासून राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापर्यंत

महाराष्ट्रात तालुक्याचं गाव असो की हजार-दोन हजार वस्तीचं खेडं, ग्रामपंचायतीच्या शेजारी नाहीतर बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर 'सार्वजनिक वाचनालय' अशी पाटी बऱ्याचदा दिसते. लोक येतात, पेपर चाळतात, जमलं तर एखादी कादंबरी घरी नेतात. बहुतेकांचा वाचनालयाशी संबंध एवढाच असतो आणि ते मला फार खटकतं. त्या पाटीमागे जिल्हा, विभाग आणि थेट मुंबईपर्यंत गेलेली व्यवस्था आहे, तिला कायदा आहे, दरवर्षी अनुदान आहे. कुणाकडे काय मागायचं हे ठाऊक असलं, तर खेड्यातल्या वाचकालाही तिच्याकडून पुष्कळ काही मिळवता येतं. मी एका तालुक्याच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात काम करते. वाचक काउंटरवर काय विचारतात आणि काय विचारायचं त्यांना सुचतच नाही, हे सतत समोर दिसतं. त्यावरून हा लेख.

१. वाचनालय कुणाचं, हे आधी समजून घ्या

गावातलं वाचनालय सरकारी आहे, असा सर्रास समज असतो. शासनाची स्वतःची ग्रंथालयं मोजकीच आहेत. बाकीची अकरा-बारा हजार ग्रंथालयं म्हणजे लोकांनी काढलेल्या संस्था आहेत. त्यांची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली होते. शासन त्यांना मान्यता देतं, अनुदान देतं आणि तपासणी करतं. रोजचा कारभार मात्र सभासदांनी निवडून दिलेलं कार्यकारी मंडळ बघतं.

हे असं का झालं, त्याचं उत्तर इतिहासात आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं (आताचं अहिल्यानगर) जिल्हा वाचनालय १८३८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. म्हणजे कायदा येण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी या संस्था उभ्या होत्या आणि वर्गणीवर चालत होत्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासने १९४८ साली केला आणि त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याने नवी सरकारी ग्रंथालयं गावोगाव काढण्याऐवजी आधीपासून चालत आलेल्या संस्थांना हाताशी धरलं, आणि करही बसवला नाही. त्यामुळे आपल्या घरपट्टीत ग्रंथालयाचा कर नसतो. पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो.

या इतिहासाचा वाचकाला रोख उपयोग आहे. वाचनालय संस्थेचं असल्यामुळे सभासदाला तिथे मत आहे. पुस्तकं कोणती घ्यावीत, वेळ काय असावी, अभ्यासिका सुरू करावी की नाही, हे ठरवणारे लोक सभासदच निवडून देतात.

आता वरची रचना. राज्यात उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीत ग्रंथालय संचालनालय आहे. त्याचं मुख्यालय मुंबईत नगरभवनात, म्हणजे फोर्टमधल्या त्या रुंद पायऱ्यांच्या १८३३ च्या टाउन हॉलमध्ये. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही तिथेच आहे. त्याच वास्तूत एशियाटिक सोसायटी आहे. दोन्ही संस्था वेगळ्या, पण चौकशीला जाणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. विभाग पातळीवर सहायक ग्रंथालय संचालकांचं कार्यालय असतं. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नाशिक आणि रत्नागिरी इथे शासकीय विभागीय ग्रंथालयं आहेत. जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतात. वाचकाच्या आणि संस्थेच्याही दृष्टीने सगळ्यात कामाचं दार हेच. तक्रार, मान्यता, अनुदान, तपासणी, ग्रंथोत्सव, सगळं या कार्यालयातून फिरतं.

२. सभासद होताना काय विचारायचं

कागदपत्रं फारशी लागत नाहीत. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, काही ठिकाणी एखाद्या जुन्या सभासदाची ओळख. पैसे तीन प्रकारचे असतात: प्रवेश शुल्क, अनामत आणि वर्गणी. अनामत परत मिळते, म्हणून तिची पावती वेगळी मागा आणि जपून ठेवा. गाव सोडताना अनामत मागायला येणाऱ्या निम्म्या लोकांकडे पावती नसते आणि मग जुन्या वह्या उपसाव्या लागतात.

खरा प्रश्न पुढचा आहे आणि तो फार कमी लोक विचारतात: "मी वर्गणीदार वाचक होणार की मताचा हक्क असलेला सभासद?" पुष्कळ संस्थांच्या घटनेत हे दोन वेगळे वर्ग आहेत. वर्गणीदाराला पुस्तकं मिळतात, पण वार्षिक सभेत हात वर करता येत नाही. सर्वसाधारण, आजीव, आश्रयदाते, बाल सभासद असे प्रकार असतील, तर प्रत्येकाला काय हक्क आहेत ते घटनेत लिहिलेलं असतं. ही घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, बघायला मागा. कुणी भुवया उंचावल्या तरी मागा, कारण ते गुपित नाही.

एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, नियतकालिकं घरी मिळतात का, उशिराचा दंड किती, हे त्याच वेळी विचारून घ्या. आणि दिवाळी अंकांची योजना आहे का, तेही विचारा. बऱ्याच वाचनालयांत थोडी जादा वर्गणी घेऊन दिवाळीपासून पुढचे काही महिने अंक फिरवले जातात. घरी विकत घ्यायचे म्हटलं तर चार-पाच अंकांतच खिसा रिकामा होतो, इथे तेवढ्याच पैशांत वीस-पंचवीस वाचून होतात.

मान्यताप्राप्त वाचनालयात पेपर वाचायला सभासद असावं लागत नाही. वृत्तपत्र विभाग सगळ्यांना खुला असतो. परगावाहून कामाला आलेल्या माणसाने निःसंकोच आत यावं, वहीत सही करावी आणि बसावं. या सहीचं महत्त्व पुढे सांगते.

३. कपाटातलं पुस्तक शोधणं

नवं पुस्तक आलं की त्याचं काय होतं हे एकदा पाहिलंत, तर शोधणं सोपं जातं. पुस्तक आधी बिलाशी ताडून बघतात. मग दाखल नोंदवहीत चढतं: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पानं, किंमत, बिलाचा क्रमांक. दाखल क्रमांक त्या पुस्तकाचा कायमचा. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर शिक्के बसतात. शीर्षकपानावर एक, शेवटच्या पानावर एक आणि एक 'गुप्त पाना'वर. गुप्त पान म्हणजे त्या वाचनालयाने ठरवलेला ठराविक पृष्ठक्रमांक. शीर्षकपान फाडून कुणी पुस्तक लंपास केलं, तरी त्या पानावरच्या शिक्क्यावरून ते कुणाचं हे कळतं. मग आत तारखेची चिठ्ठी चिकटते, पाठीवर लेबल लागतं आणि पुस्तक कपाटात जातं.

पाठीवरच्या लेबलावर वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा असतो. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या वाचनालयात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आहे. त्यापुढे १ आला की कविता, २ आला की नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, ४ म्हणजे निबंध-लेख. म्हणजे ८९१.४६२ च्या कपाटापुढे उभे राहिलात की मराठी नाटकं तुमच्या समोर. आकड्याखाली बहुधा लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लहान वाचनालयांत आकड्यांचा खटाटोप नसतो. 'कादंबरी', 'चरित्र', 'प्रवास', 'आरोग्य' अशा चिठ्ठ्या कपाटांवर लावतात आणि आत दाखल क्रमांकाने पुस्तकं लावतात. तिथे एका लेखकाची पुस्तकं चार कपाटांत विखुरलेली सापडणार, हे गृहीत धरा आणि सरळ ग्रंथपालांना विचारा.

संगणकावर शोधत असाल तर एक अडचण येते. पुष्कळ वाचनालयांनी यादी संगणकावर चढवली आहे. काहींनी केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेने तयार केलेली ई-ग्रंथालय ही प्रणाली घेतली, काहींनी कोहा नावाची दुसरी. पण जुन्या नोंदी कधी जुन्या फाँटमध्ये, कधी रोमन लिपीत केलेल्या असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नसतो. पूर्ण नाव टाकलं की 'नोंद नाही' असं उत्तर येतं आणि पुस्तक तर मागच्या कपाटात असतं. शीर्षकातला एकच शब्द टाका, तोही वेलांटी-उकाराचा घोळ होणार नाही असा. मग लेखकाचं नुसतं आडनाव टाका. मग तेच रोमन लिपीत. तरी नाहीच मिळालं, तर दाखल नोंदवहीला शरण जा. कागदावर उतरलेलं सहसा चुकत नाही.

४. पुस्तक नाही म्हणाले, तर

"नाही" या उत्तराचे चार अर्थ असतात. पुस्तक दुसऱ्याकडे गेलंय, बांधणीला दिलंय, जागेवर नाही, किंवा कधी घेतलंच नाही. यातला कोणता, ते विचारा. दुसऱ्याकडे असेल तर आरक्षण लावा. बांधणीला असेल तर अंदाजे महिना विचारून घ्या. जागेवर नसेल तर नाव लिहून ठेवा, पुढच्या पडताळणीत ते सापडण्याची बरीच शक्यता असते.

घेतलंच नसेल तर मागणी वही मागा. जवळजवळ प्रत्येक वाचनालयात ती असते आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ती कोरी असते. तिच्यात 'चांगली पुस्तकं आणावीत' असं लिहून उपयोग नाही. लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, किंमत आणि कशासाठी हवं, एवढं लिहा. आणखी दोघा-तिघांना ते हवं असेल तर त्यांच्याही सह्या घ्या. ग्रंथ निवड समितीच्या बैठकीत ही वही टेबलावर असते. नेमकी मागणी लिहिलेली असली की ती डावलणं अवघड जातं.

मागणी कधी नोंदवायची यालाही महत्त्व आहे. परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी शासनाकडून दरवर्षी मिळणारा पैसा, दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे हातात पडतो आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, म्हणून मोठी खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने होते. त्या घाईत समोर मागणी नसेल, तर विक्रेता जे गठ्ठे आणेल त्यातूनच निवड होते. म्हणून तुमची मागणी जानेवारीच्या आत वहीत चढलेली हवी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं आणि अनुदानातून केलेल्या खरेदीत त्या यादीतली पुस्तकं काही प्रमाणात असावी लागतात. तुमचं पुस्तक यादीत असेल तर तसं वहीत नमूद करा, समितीचं काम हलकं होतं.

खरेदीशिवायही पुस्तकं येतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली केंद्र सरकारने स्थापन केलं. त्याच्या समान निधी योजनेत राज्य आपला वाटा घालतं आणि निवडलेल्या ग्रंथांचे संच ग्रंथालयांना मिळतात. असमान निधी योजनांमध्ये इमारत, बालविभाग, शताब्दी साजरी करणारी ग्रंथालयं अशांना साहाय्य असतं. तुमच्या वाचनालयाला शंभर वर्षं होत आली असतील, तर कार्यकारी मंडळाला याची आठवण आधीपासून करून द्या. कागदपत्रं जमवण्यातच वर्ष जातं.

५. तालुक्याबाहेर शोध कसा घ्यायचा

एका वाचनालयाने दुसऱ्याकडून पुस्तक मागवून वाचकाला द्यावं, अशी बांधीव सेवा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती दूर व्हावी असं मला मनापासून वाटतं. तोवर वाचकालाच पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी जिल्ह्याचं ठिकाण. तिथलं जुनं, 'अ' म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातलं ग्रंथालय आणि शासकीय ग्रंथालय, दोन्हीकडे चौकशी करा. दुसरी पायरी शासकीय विभागीय ग्रंथालय. तिसरी, विषयाप्रमाणे जुने मोठे संग्रह: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुणे मराठी ग्रंथालय (१९११). मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातली दोलामुद्रितं बघायची असतील तर वाट मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणीच जाते.

चौथी पायरी राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे भारतात प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने, तीस दिवसांच्या आत ठराविक ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं हे मध्यवर्ती ग्रंथालय. सगळे प्रकाशक पाळतात असं नाही. तरीही १९५४ नंतरचं, बाजारातून कधीच गेलेलं एखादं मराठी पुस्तक कुठेच मिळत नसेल, तर इथे मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

प्रवासाला निघण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवा. हेलपाटा वाचतो. मजकूर साधा आणि नेमका असू द्या:

"महोदय, आमच्या तालुक्यातील १९३० ते १९५० या काळातील नाट्यमंडळ्यांविषयी मी माहिती जमवत आहे. सोबत सहा पुस्तकांची यादी लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष यांसह जोडली आहे. यांपैकी कोणती आपल्या संग्रहात आहेत, ती जागेवर बसून पाहण्यासाठी कोणती परवानगी व ओळखपत्र लागेल, आणि टिपणं घेण्यासाठी छायाचित्रं काढता येतील का, हे कृपया कळवावे. मी येत्या महिन्यात कोणत्याही कामाच्या दिवशी येऊ शकेन."

"मला जुन्या नाटकांवर माहिती हवी आहे" असं लिहिलंत तर कुणीही उत्तर देऊ शकत नाही. यादी जोडली की तिथला माणूस उठून कपाटाकडे जातो. सोबत तुमच्या वाचनालयाच्या लेटरहेडवर अध्यक्षांचं किंवा ग्रंथपालांचं शिफारसपत्र घ्या. जुन्या संग्रहांमध्ये अजून त्या एका कागदाला मान आहे.

घरबसल्या बघायचं तर आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ आणि शासनाच्या दर्शनिका विभागाने खुली केलेली जिल्हा गॅझेटियर्स, म्हणजे जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, आधी चाळा. गावाच्या इतिहासावर काम करणाऱ्याने गॅझेटियरपासूनच सुरुवात करावी, पुढचे संदर्भ त्यातूनच सुचतात.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांनाही वाटा आहेत. गोव्यात पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची, आणि गोव्याचा स्वतःचा ग्रंथालय कायदा १९९३ चा. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या तज्ज्ञाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, खेड्यांसाठी फिरत्या पेट्या सुरू केल्या. परदेशात असाल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेची चौकशी करा. त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या देशाबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंत गेल्या आहेत.

६. अभ्यासिका आणि मुलं

स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी आज वाचनालयं पुन्हा जागती केली आहेत. सकाळी कुलूप उघडण्याआधी दाराशी तीच असतात. अभ्यासिकेत जागा घेताना तीन गोष्टी विचारा: जागा ठरलेली की येईल त्याची, परीक्षांची पुस्तकं फक्त बसून वाचायची की घरी मिळतात, आणि परीक्षेच्या काळात वेळ वाढवतात का. पाच-दहा जणांनी मिळून अर्ज केला, तर वेळ वाढवायला मंडळं सहसा तयार होतात. विजेचं बिल आणि दार उघडं ठेवणारा माणूस, एवढीच त्यांची अडचण असते. ती वाटून घेण्याची तयारी दाखवा.

मुलांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. मुलाचं कार्ड मुलाच्याच नावाचं असावं. आई-बाबांच्या कार्डावर पुस्तक आलं की निवड आई-बाबांची होते. मुलाला कपाटापुढे मोकळं सोडा, त्याने चित्रांचं पुस्तक चौथ्यांदा नेलं तरी नेऊ द्या. पुस्तक फाटलं तर काय, या धास्तीने पालक मुलांना वाचनालयापासून लांब ठेवतात. फाटकं पान चिकटवता येतं. १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, शाळांमधून वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी शाळेने वर्गच्या वर्ग वाचनालयात आणावा असं शिक्षकांना सुचवा. ग्रंथपालांना चार दिवस आधी कळवलं की ते आनंदाने तयारी करतात.

७. अनुदान, वर्ग आणि तुमची सही

मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत, आणि त्यात जिल्हा, तालुका, इतर अशी पोटविभागणी. १९७० च्या नियमांत प्रत्येक वर्गाच्या अटी आहेत: ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं, रोज किती तास उघडं, सेवक किती आणि कोणत्या पात्रतेचे. वर्ग वरचा तसं अनुदान जास्त. 'ड' वर्गाला मिळणाऱ्या रकमेत वर्षभर दार उघडं ठेवणं ही कार्यकर्त्यांची पदरमोडच असते. अनुदान मान्य खर्चाच्या प्रमाणात मिळतं, काही भाग संस्थेने स्वतः उभा करायचा असतो. म्हणून वर्गणी वेळेवर भरणारा सभासद हा संस्थेचा मोठा आधार.

वर्षातून तपासणी होते. अधिकारी दाखल नोंदवही, देवघेवीच्या नोंदी, वाचकांच्या सह्यांची वही, रोजकीर्द, पावत्या, लेखापरीक्षण अहवाल आणि सभांची इतिवृत्तं बघतात. इथे तुमची सही कामाला येते. रोज पन्नास माणसं पेपर वाचून जातात आणि वहीत बाराच सह्या असतात, हे चित्र मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. कागदावर वाचनालय ओस दिसतं. अटी पूर्ण होत नाहीत असं ठरलं की वर्ग खाली येतो, अनुदान कमी होतं, मासिकं बंद होतात. दारातून आत आलात की सही करा. दुसऱ्याच्या नावाची मात्र कधी करू नका. खोट्या नोंदींवर पकडलेलं वाचनालय मान्यताच गमावून बसतं.

सगळ्या व्यवस्थेत ज्यांच्यावर सर्वाधिक भार आहे ते ग्रंथपाल आणि सेवक. गावोगावच्या ग्रंथपालांनी ग्रंथालय प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो, काहींची पदवी असते, आणि त्यांचा पगार निघतो या अनुदानातल्या वेतनाच्या हिश्श्यातून. तो इतका तोकडा आहे की अनेकांना दुपारी दुसरं काम धरावं लागतं. वेतनश्रेणीची त्यांची मागणी फार जुनी आहे आणि ती रास्त आहे. २०२२ साली शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली, तीही दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. तुमचे आमदार गावात आले की रस्ता-पाण्याबरोबर हा विषयही काढा. आणि गावातल्या सेवकाचं काम चांगलं असेल, तर शासनाच्या डॉ. एस. आर. रंगनाथन पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवा असं मंडळाला सांगा. ग्रंथालयांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार आहे.

८. पुस्तकं भेट देताना

घर आवरताना निघालेली पोतीभर पुस्तकं वाचनालयाच्या दारात आणून टाकू नका. आधी यादी करा, निदान फोटो पाठवा. जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं, वाळवी लागलेली, पानं गळालेली, ज्यांच्या आठ प्रती कपाटात आहेतच अशी पुस्तकं घेऊन वाचनालय काय करणार? एकदा दाखल झालेलं पुस्तक सहज काढून टाकता येत नाही. बाद करायला ठराव लागतो, नियमातली प्रक्रिया करावी लागते, तोवर ते जागा अडवतं.

याउलट काही गोष्टी अमोल असतात आणि लोक त्याच रद्दीत घालतात. गावातल्या नाटकांच्या जाहिराती, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक, यात्रेच्या पत्रिका, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही हे सापडणार नाही. हे आणून द्या, सोबत एका कागदावर ते कुणाचं, कोणत्या साली, कुठून आलं ते लिहून द्या. पावती घ्या आणि 'स्थानिक संग्रह' म्हणून वेगळं कपाट ठेवण्याची विनंती लेखी करा.

९. वार्षिक सभा

आर्थिक वर्ष संपलं, हिशेब तपासले गेले की वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस फळ्यावर लागते. बहुतेक सभा गणसंख्येअभावी तहकूब होतात आणि अर्ध्या तासाने त्याच जागी उरलेल्या मूठभरांत उरकतात. तुम्ही जा. अहवाल आधी मागून घ्या आणि तीन आकडे बघा: वर्षात ग्रंथांवर किती खर्च झाला, किती पुस्तकांची देवघेव झाली, आणि मागणी वहीतल्या किती पुस्तकांची खरेदी झाली. तिसरा आकडा अहवालात बहुधा नसतोच. तो पुढच्या वर्षीपासून छापावा असा ठराव मांडा, अनुमोदक आधी ठरवून ठेवा. ठराव लेखी द्यायचा असतो, त्याची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते.

मंडळाची निवडणूक असेल तर ग्रंथ निवड समितीवर काम करायला नाव द्या. पदं मिरवायला माणसं मिळतात, याद्या वाचायला मिळत नाहीत. आणि सभेला जाण्याआधी वर्गणी थकली नाही ना, ते बघा. थकबाकीदाराला मत देता येत नाही, असा नियम बहुतेक घटनांमध्ये असतो. मार्चअखेर भरा आणि पावती खिशात ठेवूनच सभेला जा.